2520 ‘एकमेव’ नाही

2520 ही ‘विचित्र’ संख्या रामानुजनांनी शोधली, 1 ते 10 या सगळ्यांनी निःशेष भाग जाणारी ही एकमेव संख्या, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. एकमेव कसली? 5040 घ्या, 7560 घ्या. 2520 ची कुठलीही पट चालते. 2520 त्यांतली फक्त सर्वांत लहान, म्हणजे शाळेतला साधा लसावि: 8×9×5×7. लसावि काढण्याची रीत ग्रीक गणिती युक्लिडनेच, इ.स.पू. 300 च्या सुमारास, देऊन ठेवली होती. आठवड्याचे 7 दिवस × महिन्याचे 30 दिवस × वर्षाचे 12 महिने = 2520, हा त्याच मेसेजमधला ‘चमत्कार’ही त्याच अवयवांची फिरवाफिरव.

रामानुजनांचं खरं काम याहून कितीतरी रंजक आहे. आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांवर त्यांनी 1915 मध्ये मोठा निबंध लिहिला. 48 विभाजकांची 2520 त्यांतलीच एक, 5040 सुद्धा.