पायांची वळवळ आणि साडेतीनशे वर्षांची झोपमोड

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत खोलवर काहीतरी वळवळू लागतं. धड दुखणंही नाही, धड मुंग्याही नाहीत. पाय हलवला की घटकाभर बरं, स्थिर ठेवला की पुन्हा तेच. शेवटी माणूस उठतो आणि अंधारात येरझाऱ्या घालतो. याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात.

थॉमस विलिस या इंग्लिश डॉक्टरांनी १६७२ मध्येच हे लिहून ठेवलं होतं. अशा रुग्णाला अंथरूण म्हणजे यातनांची जागा वाटते, असं त्यांचं निरीक्षण. १८६१ मध्ये जर्मनीच्या थिओडोर विटमाक यांनी मात्र याचा संबंध हिस्टेरियाशी जोडला. माझ्या मते रुग्णांना सगळ्यात महाग पडलं ते हेच. ‘मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नका,’ हे आजही ऐकावं लागतं. आजाराला सध्याचं नाव मिळालं ते स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांच्या १९४५ च्या प्रबंधामुळे. लोहाच्या कमतरतेशी असलेलं त्याचं नातंही त्यांनी पुढे दाखवलं.

निदान होतं ते रुग्णाचं म्हणणं नीट ऐकूनच. ते ऐकलं गेलं नाही की फेऱ्या सुरू होतात: मणक्याचा एमआरआय, शिरांची तपासणी, झोपेच्या गोळ्या. नैराश्यावरच्या आणि अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनी तर वळवळ वाढते. पैसे जातात, रजा संपतात, जोडीदार वेगळ्या खोलीत झोपू लागतो. अपुऱ्या झोपेने कामात चुका होतात, त्याची नोंद कुठल्याच बिलात नसते.

१९८२ मध्ये लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्या औषधाचा गुण दिसला आणि २००५ मध्ये अमेरिकेत त्याच्यासारखंच मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या मार्गाने काम करणाऱ्या रोपिनिरोलला या आजारासाठी मंजुरी मिळाली. पहिल्या गोळीने शांत झोपलेले लोक अक्षरशः रडले असतील. पण काही वर्षांत त्याच गोळ्यांमुळे त्रास रात्रीऐवजी दुपारीच सुरू होऊ लागला, हातांपर्यंत पोचला. डोस वाढवला की आणखी चिघळे. काहींना याच गोळ्यांमुळे जुगाराचा किंवा बेसुमार खरेदीचा नाद लागला. शिल्लक संपली तरी दोष गोळीचा आहे हे घरच्यांच्या ध्यानात येत नसे. माणूसच बिघडला, असं वाटे.

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनी या गोळ्या सरसकट देऊ नयेत असं सुचवलं. आता भर गॅबापेंटिनसारख्या (मुळात फिट्स आणि नसांच्या दुखण्यावरच्या) औषधांवर आणि लोहावर आहे. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी मेंदूत लोह कमी असू शकतं, म्हणून फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन, तपासायचं. प्रौढांमध्ये ते मिलिलिटरमागे ७५ नॅनोग्रॅम किंवा त्याखाली असेल तर लोह देण्याचा विचार होतो. रक्ताची एक साधी तपासणी, पण पुष्कळांच्या फायलीत तिचा कागद सगळ्यात शेवटी लागतो.