आफ्रिकी सिक्लिड मत्स्यालय

पूर्व आफ्रिकेतील मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या सरोवरांत आढळणाऱ्या सिक्लिड कुळातील माशांसाठी घरात उभारलेले, जड, म्हणजे क्षारयुक्त, पाण्याचे व दगडांच्या रचनेचे काचेचे टाके. हे कुळ मराठी प्रदेशाला परके नाही. कोकणच्या खाड्यांतले काळुंदर याच कुळातले असून, १९५२ मध्ये भारतात आणलेला आणि पुढे गोदावरीसह अनेक नद्यांत पसरलेला तिलापियाही सिक्लिडच आहे. घरगुती टाक्यात मात्र सर्वाधिक पाळले जातात ते मलावी सरोवरातील मासे, आणि त्यांतही काठच्या खडकांत राहणारे, बोटभर लांबीचे, निळ्या-पिवळ्या रंगांचे ‘म्बुना’. त्या सरोवराकाठच्या टोंगा भाषेत या शब्दाचा अर्थच खडकातला मासा असा आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः म्बुनांच्या टाक्याचा, नाशिकच्या पाणी-हवामानाच्या संदर्भात विचार केला आहे.

मलावीच्या पाण्याचा सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप) साधारणपणे ७.७ ते ८.६ असतो, तर टांगानिकाचा त्याहून अधिक, ९ च्या आसपास असतो. नाशिक शहराला प्रामुख्याने गंगापूर धरणातून मिळणारे नळाचे पाणी तुलनेने हलके असते. याउलट बोअरचे पाणी, ज्याने बादल्यांवर आणि गिझरमध्ये पांढरे थर बसतात म्हणून घरोघरी कुरकुर होते, ते या माशांना बहुधा मानवते. दोन्ही पाण्यांची आधी चाचणी करून, गरजेप्रमाणे त्यांचे मिश्रण वापरणे हा सोपा उपाय होय. केवळ नळाचेच पाणी उपलब्ध असल्यास तळाला प्रवाळाची वाळू किंवा शिंपल्यांचा चुरा घालतात, तसेच खाण्याचा सोडा अगदी थोड्या प्रमाणात मिसळतात. सामूचा आकडा नेमका किती, यापेक्षा तो दर आठवड्याला तसाच राहणे अधिक महत्त्वाचे असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढल्याखेरीज ते टाक्यात घालू नये.

या टाक्यातील खरा धोका अमोनियाचा असतो, आणि नवख्यांचे बहुतेक मासे त्यानेच दगावतात. माशांच्या मलमूत्रातून व उरलेल्या खाद्यातून निघणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, त्यांपैकी एकच रूप तीव्र विषारी असते, आणि सामू जितका चढा तितका या विषारी रूपाचा वाटा मोठा. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना हा वाटा अर्ध्या टक्क्याच्या जवळपास असतो, तो सामू ८ झाला की सुमारे ५ टक्क्यांवर जातो. म्हणजे गोड्या पाण्यातील इतर मासे ज्या चुकीतून निभावतात, ती येथे दहापट महाग पडते. म्हणून टाके भरून, फिल्टर सुरू करून, अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजेपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे, मासे सोडू नयेत. दुकानातून टाके आणि मासे एकाच दिवशी घरी आणण्याची जी पद्धत आहे, ती या माशांच्या बाबतीत पूर्णपणे चुकीची आहे.

टाके किमान १२० सेमी लांबीचे असावे. १२० × ४५ × ४५ सेमी मापाच्या टाक्यात सुमारे २४० लिटर पाणी मावते आणि काच, दगड व स्टँड धरून एकूण वजन साडेतीनशे किलोंच्या आसपास जाते. जुन्या नाशकातील वाड्यांच्या लाकडी माडीवर असे टाके ठेवण्यापूर्वी तुळयांची खात्री करून घ्यावी. रचनेसाठी दूर जाण्याची गरज नाही, कारण नाशिक परिसराचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, हा पाण्यात सहसा काही न सोडणारा, वजनदार आणि गडद असल्याने माशांचे रंग उठावदार दाखवणारा दगड आहे. दगडावर व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर बुडबुडे आले तर त्यात चुना आहे असे समजावे. इतर टाक्यांत हा दोष ठरेल, येथे तो चालतो. दगड मात्र वाळूवर कधीही रचू नयेत. म्बुना दिवसभर तोंडाने वाळू उचलून हातभर अंतरावर थुंकत असतात, त्यामुळे दगडाखालची वाळू पोखरली जाऊन एका रात्रीत ढीग कोसळतो आणि काच फुटते. तळाच्या काचेवर थर्माकोल किंवा प्लास्टिकची जाळी, तिच्यावर दगड आणि शेवटी वाळू, हा क्रम पाळावा. दगडांत कपारी भरपूर ठेवाव्यात, कारण दुबळ्या माशाला लपायला तीच जागा असते.

डिसेंबर-जानेवारीत, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात अशा रात्री, टाक्याचे तापमान २४ अंशांखाली जाऊ नये म्हणून एका मोठ्या हीटरऐवजी १५० वॉटचे दोन हीटर लावणे चांगले, म्हणजे एक बिघडला तरी दुसरा आधार देतो. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप घरात असावा.

म्बुना स्वभावाने भांडखोर असतात. एका नरामागे तीन माद्या ठेवणे आणि सारख्या रंगाचे दोन जातींचे नर एकत्र न ठेवणे यांमुळे मारामाऱ्या कमी होतात. नवशिक्यांनी पिवळ्या लॅबिडोक्रोमिसपासून सुरुवात करावी. केन्यी ही जात दिसायला मोहक असली तरी फार आक्रमक आहे, शिवाय तिची निळी मादी व पिवळा नर पाहून या दोन वेगळ्या जाती आहेत अशी पुष्कळांची फसगत होते. दगडावरचे शेवाळ खरवडून खाणाऱ्या या माशांचे आतडे लांब असते, म्हणून स्पिरुलिना या शेवाळासारख्या वनस्पतिज घटकाचे खाद्य मुख्य असावे. सतत मांसाहारी खाद्य दिल्यास पोट फुगून मासे मरतात.

प्रजनन हा या छंदाचा सर्वांत मनोहर भाग आहे. नर सपाट दगडावर अंग थरथरवत मादीला बोलावतो, मादी अंडी घालून लगेच तोंडात घेते आणि नराच्या गुदपरावरील (पोटाखाली, शेपटीच्या अलीकडच्या परावरील) अंड्यांसारख्या पिवळ्या ठिपक्यांना चोच मारताना त्याचे रेत तिच्या तोंडात जाऊन अंडी फळतात. सुमारे तीन आठवडे ती जवळजवळ काहीच खात नाही. तिचा फुगलेला गळा आणि अंडी उलटसुलट करताना हलणारा जबडा काचेजवळ बसले की स्पष्ट दिसतो. सेंटिमीटरभर लांबीची पिल्ले बाहेर पडल्यावर त्यांना वेगळ्या टाक्यात वाढवतात. संख्या वाढल्यास ती दुसऱ्या पाळणाऱ्यांना द्यावीत, गोदावरीत किंवा धरणात कधीही सोडू नयेत, कारण तिलापियाने तेथील देशी माशांच्या जागा आधीच व्यापल्या आहेत.