कर्णबधिरांची आत्मप्रतिमा आणि सामाजिक लांछन

आपण कोण आहोत, आपली किंमत काय, याचे जे चित्र माणूस मनात बाळगतो त्याला मानसशास्त्रात आत्मप्रतिमा म्हणतात. भोवतालची माणसे जशी वागवतात तसे ते घडत जाते. ऐकू न येणे ही शरीराची स्थिती आहे. ‘ऐकू येत नाही म्हणजे कळतही नाही’ हा शिक्का समाज मारतो. कर्णबधिर व्यक्तीला तोच खरा वाटू लागला की बाहेरचे लांछन आत उतरते. २०११ च्या जनगणनेत देशात श्रवणविकलांगता असलेल्या सुमारे ५० लाख लोकांची नोंद झाली.

शिक्का जुना आहे. मनुस्मृतीने जन्मतः बहिऱ्या आणि मुक्या व्यक्तींना वारशातून वगळून केवळ अन्नवस्त्राचा हक्क ठेवला होता. शारीरिक व्यंगावरून हिंदूंचा वारसा नाकारणे १९२८ च्या कायद्याने बंद केले. एकनाथांच्या भारुडात बहिरेपण हरिकीर्तन न ऐकल्याचे फळ म्हणून येते. तेथे ते रूपक आहे, पण मूल ऐकत नाही हे कळल्यावर ‘कुठल्या जन्मीचं पाप’ असे आईला सुनावणारे रूपक म्हणून बोलत नसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, राजस्थान राज्य विरुद्ध दर्शन सिंग या खटल्यात, कर्णबधिर व्यक्ती साक्ष देण्यास सक्षम असल्याचे सांगितले. कायदा पूर्वी अशा व्यक्तीला बुद्धिहीन मानत असे, हेही निकालात नमूद आहे.

रोजच्या मराठीत हे लांछन सहज सापडते. लक्ष न देणाऱ्या मुलाला ‘बहिरा आहेस का?’ असे दरडावले जाते. ‘मूकबधिर’ हा शब्द अजून पाट्यांवर दिसतो, पण बहुतेक कर्णबधिरांचा आवाज शाबूत असतो आणि खुणांची भाषा येणारा माणूस मुका नसतोच. म्हणून ‘कर्णबधिर’ हा शब्द रूढ झाला.

सर्वांत खोल घाव मात्र शिव्यांचा नसतो, तो घरातला असतो आणि प्रेमळ माणसांकडून होतो. नव्वद टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. रात्री सगळे जेवायला बसले आहेत. काका काहीतरी सांगतात, ताट बाजूला सारून सगळे हसतात. मूल आईचा हात हलवून विचारते, काय झालं? ‘काही नाही, नंतर सांगते.’ ते नंतर येत नाही. असे वर्षानुवर्षे झाले की मूल विचारणे सोडते आणि इतर हसले की आपणही हसते. न कळताच ‘हो हो’ म्हणून मान डोलावण्याची सवय इथेच लागते. आपल्याला सांगण्याइतके आपण महत्त्वाचे नाही, हा धडा ते शाळेत जाण्याआधीच शिकलेले असते. श्रवणयंत्राचेही तसेच: फोटो काढताना ‘केस जरा कानावर घे’ म्हटले जाते, चष्मा काढायला सहसा कोणी सांगत नाही.

शाळांनी यात भर घातली. १८८० मध्ये मिलान येथील परिषदेत मुखाने बोलायला शिकवणे हीच श्रेष्ठ पद्धत ठरली आणि खुणांची भाषा अनेक देशांतील वर्गांतून हद्दपार झाली. मुलाचे यश तो ऐकणाऱ्यांसारखा किती बोलतो यावर मोजले जाऊ लागले. ज्याला ते जमेना तो स्वतःला नापास समजू लागला. या ठरावाबद्दल त्याच परिषदमालिकेने २०१० मध्ये व्हँकुव्हरला खेद व्यक्त केला, म्हणजे १३० वर्षांनी.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नील ग्लिकमन यांनी कर्णबधिरांच्या ओळखीच्या चार अवस्था मांडल्या: ऐकणाऱ्यांच्या जगाला मानदंड मानणारी, दोन्हीकडे परकी, कर्णबधिर समूहात पूर्ण बुडालेली आणि दोन्ही जगांत वावरणारी. माणूस आयुष्यभर एकाच कप्प्यात राहत नाही. यातली दुसरी अवस्था, ना इकडचा ना तिकडचा, मनाला सर्वांत जड जाते; अंशतः ऐकू येणारे पुष्कळदा तिथेच अडकतात. कर्णबधिर आईवडिलांच्या मुलांचा आत्मसन्मान अनेक अभ्यासांत अधिक चांगला आढळला आहे. त्यांना पाळण्यापासून पुरी भाषा मिळते, आणि न ऐकणारा माणूस संसार करतो, कमावतो, रागावतो हे ती रोज बघतात.

अमेरिकेतील मार्थाज व्हिनयार्ड बेटावर आनुवंशिक बहिरेपण इतके आढळे की काही गावांत ऐकणारेही खुणांनी बोलत. तिथे कर्णबधिर माणूस शेजारी होता, मच्छीमार होता. वेगळा गट म्हणून त्याकडे कोणी बघत नसे.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या साधनांत खुणांच्या भाषेचा समावेश केला, आणि २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली. घराघरांत मात्र अनेक पालक अजूनही हातांनी बोलायला बिचकतात, लोक बघतात म्हणून.

खुणांनी बोलणाऱ्यांत मूल पहिल्यांदा मिसळते तेव्हा ते त्याला ‘साइन नेम’ देतात. गालावरची खळी, भुवईवरचा व्रण, केस मागे सारण्याची लकब, अशा कशावरून तरी हाताने करायचे नाव. घरी ठेवलेले नाव त्याने कधी कानांनी ऐकलेले नसते; हे नाव घेऊन कोणीतरी समोरून त्याला हाक मारते, आणि ते वळून बघते.