कर्नल-साठा रिकामा करणे

स्पाइस या लायब्ररीत, म्हणजे प्रोग्रॅमसाठीच्या तयार फंक्शनांच्या संचात, लोड केलेल्या सगळ्या माहिती-फायली एकाच आज्ञेने उतरवून प्रोग्रॅम पुन्हा कोरा करण्याची क्रिया. त्यासाठीचे फंक्शन म्हणजे केक्लिअर. ते काही मागत नाही आणि काही परतही देत नाही. स्पाइस ही नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील नाइफ या गटाने बांधलेली लायब्ररी आहे. एखादे यान, ग्रह किंवा चंद्र अमुक क्षणी कुठे होता आणि त्याचे तोंड कुठल्या दिशेला होते, हे तिच्याकडून काढून घेता येते. फोर्ट्रान, सी, आयडीएल आणि मॅटलॅब या प्रोग्रॅमिंगच्या भाषांसाठी ती नाइफकडूनच मिळते. पायथनवाले स्पाइसीपाय वापरतात.

स्पाइसमधल्या माहिती-फाइलीला कर्नल म्हणतात. पलटणीतल्या कर्नलशी त्याचे काही नाते नाही. वेंगुर्ल्याकडे काजूगराच्या डब्यांवर इंग्रजीत जो शब्द छापतात तोच हा, म्हणजे गर. नाव चपखल आहे, कारण लायब्ररी म्हणजे नुसते टरफल. लीप सेकंदांचा, म्हणजे घड्याळात अधूनमधून वाढवलेल्या सेकंदांचा, कर्नल घातला नाही तर तिला साधी तारीखही वाचता येत नाही. ग्रह-यानांच्या स्थानांसाठी एसपीके, यानाच्या रोखासाठी सीके, ग्रहांचा आकार आणि फिरणे यांसाठी पीसीके असे त्यांचे प्रकार आहेत. फर्नश हे फंक्शन कर्नल लोड करते. मजकुरी कर्नलांतली चले आणि त्यांच्या किमती एका सामायिक साठ्यात ओतल्या जातात, तर बायनरी फायली उघड्या राहून त्यांची यादी ठेवली जाते. केक्लिअर ही यादी आणि तो साठा दोन्ही पुसते.

हे नुसते झाडलोटीचे काम वाटते, पण खरा मुद्दा क्रमाचा आहे. एकाच काळाची माहिती दोन एसपीके फायलींत असेल तर शेवटी लोड केलेली जिंकते. मजकुरी कर्नलांत त्याच नावाच्या चलाची नंतर आलेली किंमत आधीची पुसते. नाइफ००१२ या लीप सेकंदांच्या फाइलीत अणुघड्याळांची वेळ आणि नेहमीची प्रमाणवेळ (यूटीसी) यांच्यातला १ जानेवारी २०१७ पासूनचा ३७ सेकंदांचा फरक आहे, त्याआधीच्या नाइफ००११ मध्ये ३६ पर्यंतच. नवी घातल्यावर चुकून जुनी लोड झाली, तर २०१७ नंतरची प्रत्येक वेळ एका सेकंदाने चुकते आणि कुठलीही एरर येत नाही. चंद्रापासून १०० किलोमीटर उंचीवर फिरणारे यान एका सेकंदात सुमारे १.६ किलोमीटर पुढे जाते.

याहून फसवा प्रकार विजयदुर्गाच्या उदाहरणाने कळतो. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण तिथून दिसण्यासारखे होते, आणि किल्ल्यातले ‘साहेबाचे ओटे’ त्या निरीक्षणासाठी बांधले गेले असे सांगतात. समजा, एखादी विद्यार्थिनी किल्ल्याचे अक्षांश-रेखांश देऊन त्या सकाळी सूर्य आणि चंद्र यांच्यातला कोन काढते आहे. आधी ती डीई४४०एस ही एसपीके लोड करते. तिच्यात १८४९ च्या अखेरपासून २१५० पर्यंतची स्थाने आहेत. उत्तर नीट येते. मग फाइल लहान हवी म्हणून, नोटबुक (प्रोग्रॅम तुकड्यातुकड्याने चालवण्याची खिडकी) बंद न करता, ती डीई४२१ लोड करते. हिची मजल साधारण १९०० ते २०५० एवढीच. तरीही १८६८ चे उत्तर येतच राहते, कारण नव्या फाइलीत ते साल न सापडल्यावर स्पाइस गुपचूप आधीच्या फाइलीकडे वळते. लहान फाइलीने भागले अशा समजुतीने ती जुनी ओळ खोडून प्रोग्रॅम मैत्रिणीला पाठवते, आणि तिकडे पहिल्याच झटक्याला पुरेशी माहिती नसल्याची एरर येते. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत केक्लिअर असते तर हीच एरर आपल्या घरी, लगेच दिसली असती.

एकेक फाइल उतरवण्यासाठी अनलोड आहे. लोड करताना दिलेले नाव त्याला जसेच्या तसे द्यावे लागते. अनेक फायलींची यादी असलेला मेटा-कर्नल उतरवला की त्याने आणलेल्या फायलीही उतरतात. एक खाच मात्र सहसा कुणाच्या ध्यानात नसते. मजकुरी कर्नल अनलोड केला की स्पाइस आख्खा साठा रिकामा करून उरलेले मजकुरी कर्नल पुन्हा वाचते. त्यामुळे प्रोग्रॅमने स्वतः साठ्यात टाकलेल्या किमती, अनलोड फक्त एकाच फाइलीचे केले असले तरी, नाहीशा होतात. केक्लिअर त्या पुसते यात नवल नाही. अनलोडही पुसते, हे कळेपर्यंत रात्र जाते.

लूपमध्ये फर्नश लिहिण्याची सवय वाईटच. तीच फाइल पुन्हा लोड केली तरी यादीत नवी जागा अडते, आणि जागा ५,३०० च आहेत. दर फेरीला केक्लिअर घालून हे टाळता येते, पण मग दर फेरीला सगळे कर्नल पुन्हा वाचण्यात वेळ जातो. फर्नश लूपबाहेर काढणे हाच खरा उपाय. चाचण्या लिहिताना मात्र प्रत्येक चाचणीआधी केक्लिअर हवेच. स्पाइसीपायमध्ये कर्नलपूल नावाची सोय आहे. ती आधीचे कर्नल बाजूला ठेवून तात्पुरते लोड करते आणि ब्लॉक संपताच पूर्वीची यादी परत लावते.

आधी काढून चलात ठेवलेली वेळ किंवा कोन यांना केक्लिअर हात लावत नाही, तेव्हा जुन्या लीप सेकंदांनी निघालेली वेळ साठा बदलल्यावरही चुकीचीच राहते, ती पुन्हा काढावी लागते. रिकामे करण्याआधी केटोटलने आकडा आणि केडेटाने एकेक नाव छापून घेतले, तर तोवरची उत्तरे कुठल्या फायलींवर आणि कुठल्या क्रमाने उभी होती ते हाती राहते. केक्लिअरनंतर केटोटल शून्य सांगते.