अमोनियाची मर्यादा: 50, 5 आणि मग काहीच नाही

घरगुती सांडपाण्यात लिटरमागे साधारण 25 ते 40 मिलिग्रॅम अमोनियाकल नायट्रोजन, म्हणजे अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन, असतो. सोडल्या जाणाऱ्या पाण्यासाठी आपल्याकडची जुनी सर्वसाधारण मर्यादा होती 50. म्हणजे गटारातून आलेले पाणी या एका निकषावर प्रक्रियेविनाच पास. एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या, निविदांत अमोनियाचा विषय इतकी वर्षे का आला नाही, याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

विज्ञान मात्र जुने. 1877 मध्ये फ्रान्समध्ये वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी झिरपवले, तेव्हा काही दिवसांनी खालून नायट्रेट येऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबले. अमोनियाचे नायट्रेट करण्याचे काम जिवाणूंचे होते. पुढे इंग्लंडमध्ये दगडांच्या थरावर फिरत्या नळ्यांनी पाणी शिंपडणारे ‘ट्रिकलिंग फिल्टर’ आले.

फिल्टर हा शब्द तेव्हापासून चिकटला आहे, पण इथे काहीच गाळले जात नाही. दगडावर बोट फिरवले तर जो बुळबुळीत थर लागतो, तोच सगळे काम करतो. नायट्रिफिकेशन, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट, करणारे जिवाणू सावकाश वाढतात, म्हणून त्यांना धरून राहायला पृष्ठभाग लागतो. शिवाय बीओडी (कुजणाऱ्या सेंद्रिय घाणीचे माप) खाणारे जिवाणू आधी ऑक्सिजन आणि जागा बळकावतात. बीओडी बराच उतरल्यावरच यांची पाळी येते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेत दगडांऐवजी तरंगती प्लास्टिकची चाके आली. आपल्या सोसायट्यांच्या एसटीपीत ‘एमबीबीआर’ म्हणून तीच घुसळताना दिसतात.

एसटीपीतून सोडायच्या पाण्याच्या मानकांच्या नोव्हेंबर 2015 च्या केंद्रीय मसुद्यात अमोनियाकल नायट्रोजन 5 आणि एकूण नायट्रोजन 10 अशा मर्यादा होत्या. ऑक्टोबर 2017 च्या अंतिम अधिसूचनेत दोन्ही गायब. बीओडीही 10 वरून महानगरांत 20, इतरत्र 30 झाला. पालिकांना हा खर्च झेपणार नाही, हा युक्तिवाद खोटा नव्हता: एक ग्रॅम अमोनियाकल नायट्रोजनला सुमारे 4.6 ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि हवा सोडणाऱ्या ब्लोअरचे वीजबिल दरमहा येते. पण न झेपणारी मर्यादा टप्प्याटप्प्याने आणता येते. ती पुसून टाकणे ही वेगळी गोष्ट. मुंबईतल्या मोठ्या केंद्रांच्या निविदा रखडल्या, त्यामागेही बदलती मानके हे एक कारण सांगितले गेले.

एप्रिल 2019 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशाने मानके पुन्हा कडक झाली. पण परत आला तो एकूण नायट्रोजन, 10. अमोनियाचा वेगळा रकाना आलाच नाही. गोंधळ नेमका इथे होतो. ‘अमोनिया काढला’ असे आपण सर्रास म्हणतो. जिवाणूंनी तो फक्त नायट्रेटमध्ये बदललेला असतो. नायट्रोजन पाण्यातच राहतो. तो वायू होऊन निघून जावा तर पुढे हवा न दिलेली टाकी हवी आणि जिवाणूंना खायला कार्बन हवा. जुन्या आराखड्यांत बहुधा ही टाकी नसतेच.

समजा, एखाद्या केंद्राच्या अहवालात अमोनियाकल नायट्रोजन 1 आणि नायट्रेट नायट्रोजन 28 आले. 2015 च्या मसुद्यातल्या अमोनियाच्या ओळीत ते पाणी उत्तम ठरते, पुढच्याच ओळीत नापास. 2017 चा कागद धरला तर दोन्ही आकडे कुणी विचारत नाही. 2019 प्रमाणे पुन्हा नापास.