ओन्सेन म्हणजे पाणी, सेन्तो म्हणजे जागा

जपानला जाऊन आलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास येतो: तिथे सगळे एकत्र, अंगावर काही न ठेवता अंघोळ करतात हे खरं का? खरं आहे, फक्त बायकांचा आणि पुरुषांचा विभाग बहुतेक ठिकाणी वेगळा असतो. गोंधळ होतो तो त्याच्या पुढे. सांगणारा कधी 'ओन्सेन' म्हणतो, कधी 'सेन्तो', आणि ऐकणाऱ्याची समजूत होते की ओन्सेन म्हणजे महागातलं आणि सेन्तो म्हणजे तेच स्वस्तातलं. हा फरक किमतीचा नाही. ओन्सेन हे पाण्याचं नाव आहे आणि सेन्तो हे जागेचं. एवढं लक्षात आलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

दोन्ही शब्दांत 'सेन' ऐकू येतं, पण लिहिताना अक्षरं वेगळी असतात. ओन्सेनमधलं 'ओन' म्हणजे उबदार आणि 'सेन' म्हणजे झरा. सेन्तोमधलं 'सेन' म्हणजे नाणं आणि 'तो' म्हणजे गरम पाणी. नाणं मोजून मिळणारं गरम पाणी. जपानीत गरम पाण्याला 'यु' असा स्वतंत्र शब्दच आहे, थंड पाणी ते 'मिझु'. सेन्तोच्या दारावरच्या कापडी पडद्यावर बहुतेक वेळा हे एकच अक्षर असतं, 'यु'. आपल्याकडे पालीजवळचं उन्हेरे, दापोली तालुक्यातलं उन्हवरे ही गावांची नावं ऐकली की त्यातलं 'ऊन' पाणी लगेच कळतं, तसंच हे.

ओन्सेन कशाला म्हणायचं हे जपानमध्ये १९४८ च्या कायद्याने ठरवलेलं आहे. जमिनीतून येणारं पाणी उगमापाशी निदान २५ अंश सेल्सिअस असलं पाहिजे, किंवा कायद्यात दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा तरी त्यात ठरलेल्या प्रमाणात असला पाहिजे. दोन्हींतली एक अट पुरते. म्हणजे थंडगार पाणीसुद्धा कायद्याने ओन्सेन असू शकतं. आपल्याला गरम पाण्याचं कुंड म्हटलं की वज्रेश्वरीसारखं वाफाळणारं पाणी डोळ्यांसमोर येतं, त्यामुळे हे पचायला जरा वेळ लागतो. उलट टोकाला कुसात्सूसारखी गावं आहेत. तिथलं पाणी ५० अंशांच्या वर आणि लिंबाच्या रसासारखं आंबट. ते निववण्यासाठी त्यात साधं पाणी घातलं तर खनिजं पातळ होणार, म्हणून लांब लाकडी फळ्यांनी ते घुसळून थंड करण्याची तिथे जुनी पद्धत आहे.

सेन्तोला यातलं काहीच लागत नाही. नळाचं पाणी बॉयलरमध्ये तापवलं तरी चालतं. त्याच्यासाठी वेगळा कायदा आहे, तोही १९४८ चाच, आणि त्यात विचार आहे तो स्वच्छतेचा आणि सोयीचा. घरी न्हाणीघर नसलेल्या माणसाला रोज अंघोळ करता यावी म्हणून ही जागा. त्यामुळे सेन्तोचा कमाल दर मालक ठरवत नाही, त्या त्या प्रांताचा गव्हर्नर ठरवतो. तोक्योत २०२४ च्या ऑगस्टपासून मोठ्या माणसाला ५५० येन पडतात, मग वाडा जुना असो की चकाचक नवा. 'सुपर सेन्तो' नावाची जी मोठी, सॉना आणि उपाहारगृह असलेली ठिकाणं आहेत, ती या दरनियंत्रणात येत नाहीत.

आता खरी गंमत. पाणी आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी असल्यामुळे त्या एकाच छपराखालीही सापडतात. माझा मामेभाऊ पुण्याहून आला होता, तेव्हा मी त्याला तोक्योच्या दक्षिणेला कामाता भागातल्या एका साध्या सेन्तोत नेलं. आत हौद काळाभोर. कोरा चहा जास्त उकळावा तसा रंग, हात बुडवला की मनगटाखाली पंजा दिसेना. भाऊ काठावरच थांबला. "अरे, पाणी बदलत नाहीत का रे हे?"

मी त्याला कपडे ठेवायच्या खोलीत लावलेला फ्रेममधला कागद दाखवला. ओन्सेनचं पाणी वापरणाऱ्याला पाण्याच्या तपासणीचा तपशील असा लावावाच लागतो. उगमापाशी तापमान १७ अंश, म्हणजे ते तापवून घेतलेलं. पण सोडियम बायकार्बोनेट भरपूर, म्हणून ओन्सेन. काळा रंग जमिनीखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन वनस्पतींच्या अवशेषांचा. या पाण्याला तिथे 'कुरोयु', म्हणजे काळं ऊन पाणी म्हणतात. आम्ही दर दिला सेन्तोचा आणि अंघोळ केली ओन्सेनच्या पाण्यात.

कागद वाचायची सवय मात्र लावून घ्या. २००४ साली नागानो प्रांतातल्या एका नामांकित ओन्सेन गावात पाणी दुधाळ दिसावं म्हणून बाहेरून पूड टाकत असल्याचं उघड झालं आणि देशभर खळबळ उडाली. पुढच्या वर्षीपासून पाण्यात भर घातली आहे का, ते तापवलं आहे का, गाळून पुन्हा फिरवलं आहे का, हे लिहिणं सक्तीचं झालं. 'गेन्सेन काकेनागाशी' असं लिहिलेलं दिसलं तर उगमाचं पाणी सतत येऊन वाहून जातंय असं समजायचं. जाणकार लोक त्यासाठी लांबचा प्रवास करतात.

अंघोळीची रीत दोन्हीकडे एकच, आणि इथे मराठी माणसाने बिचकायचं कारण नाही. हौदात शिरण्याआधी बुटक्या स्टुलावर बसायचं, घमेल्याने अंगावर पाणी घ्यायचं, साबण लावून स्वच्छ धुवायचं. साबणाचा एक थेंब हौदात जाता कामा नये, आणि पंचाही पाण्यात बुडवायचा नाही. भाऊ त्या स्टुलावर बसला आणि त्याचा सगळा संकोच गेला. "ही तर आपल्या गावच्या घरची अंघोळ, पाटावर बसून तांब्याने!" खरंच तसंच आहे. हौद मळ काढायला नाही, तो नंतर शेकत बसायला.

ते घमेलं बहुतेक ठिकाणी पिवळं असतं आणि तळाशी 'केरोरिन' या वेदनाशामक औषधाची जाहिरात असते; १९६३ पासून ही चाल आहे. ओसाकाकडची घमेली तोक्योपेक्षा लहान, कारण तिकडे लोक थेट हौदातून पाणी उपसून अंगावर घेतात आणि मोठं घमेलं भरलं की जड होतं.

किरकोळ फरक म्हणाल तर, ओन्सेनच्या बिलात बहुधा दीडशे येनचा स्नानकर वेगळा लावतात, साध्या सेन्तोत नाही. अंगावर गोंदण असेल तर ओन्सेनच्या हॉटेलात अडवण्याची शक्यता जास्त. सेन्तोत सहसा अडवत नाहीत. भिंतीवरचा भला थोरला फुजी पर्वत ही खास तोक्योच्या सेन्तोची खूण, पहिला १९१२ मध्ये तोक्योतल्याच कान्दा नावाच्या भागात रंगवला गेला. ओन्सेनला चित्राची गरज नसते, तिथे बहुधा खिडकीबाहेर खरा डोंगर असतो.

मला जीव लावावासा वाटतो तो सेन्तोला. १९६८ च्या सुमारास जपानभर जवळजवळ १८ हजार सेन्तो होते. आज दोन हजारही उरलेले नाहीत. घरोघरी न्हाणीघरं झाली, इंधन महागलं, मालक म्हातारे झाले आणि मुलं दुसऱ्या धंद्यात गेली. ओन्सेनचे झरे देशभर २७ हजारांवर आहेत, ते आहेत तिथेच राहतील. जागा गेली की मात्र गेली. तिथे इमारत उभी राहते. म्हणून जपानला जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, ओन्सेनची एक रात्र ठेवा, पण एक दुपार सेन्तोसाठीही काढा. बरेच सेन्तो तीन-चारच्या सुमाराला उघडतात. दहा मिनिटं आधी पोचलात तर आजूबाजूचे आजोबा आपापलं साबणाचं सामान घेऊन दारात उभे असतात, 'यु' लिहिलेला पडदा बाहेर लागायची वाट बघत. दिवसाच्या पहिल्या पाण्याला 'इचिबान-बुरो' म्हणतात, आणि ते त्यांना चुकवायचं नसतं.