ग्लिसरीनच्या पिंपात नक्की काय आहे?

ग्लिसरीन आणि डायइथिलीन ग्लायकॉल दोन वाट्यांत ओतून समोर ठेवले, तर कुठलं कोणतं हे नुसत्या नजरेने सांगता यायचं नाही. दोन्ही रंगहीन, दाटसर, पाण्यात सहज मिसळणारे आणि चवीला गोड. पहिलं खोकल्याच्या औषधात चालतं. दुसरं पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी करतं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हे दुसरं द्रव्य मिसळलेलं होतं. १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने पुढे या प्रकरणाची चौकशी केली.

हा फरक ओळखणारं यंत्र म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ. प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘जीसी’च म्हणतात. त्याच्या पोटात एक छोटी भट्टी असते आणि भट्टीत साधारण ३० मीटर लांबीची, केसासारख्या पोकळीची नळी वेटोळं करून बसवलेली असते. हा कॉलम. नमुन्याचा इवलासा थेंब सुईने टोचला की त्याची वाफ होते आणि हेलियमसारखा वायू ती वाफ नळीतून पुढे नेतो. नळीला आतून पातळ लेप असतो. वाफेतले रेणू त्या लेपात क्षणभर मुरतात, सुटतात, पुन्हा मुरतात. कोण किती रेंगाळणार, हे उत्कलनबिंदूवर आणि लेपाशी किती जवळीक आहे यावर ठरतं. डायइथिलीन ग्लायकॉल सुमारे २४५ अंश सेल्सिअसला उकळतं, ग्लिसरीन २९० ला. भट्टी हळूहळू तापवत नेली की डायइथिलीन ग्लायकॉल आधी बाहेर पडतं, ग्लिसरीन मागून येतं. दाराशी हायड्रोजनची ज्योत असते. तिच्यात जळताना कार्बनी रेणूंतून विद्युतभारित कण तयार होतात, किंचित वीज वाहते आणि पडद्यावर एक शिखर उमटतं.

ही युक्ती मुळात एका वनस्पतिशास्त्रज्ञाची. मिखाईल त्स्वेत यांनी १९०३ मध्ये वॉर्सा इथे पानांतली रंगद्रव्यं वेगळी करण्याची ही रीत मांडली. काचेच्या नळीत खडूची पूड दाबून भरायची, वरून पानांचा अर्क सोडायचा, की खाली उतरता उतरता हिरवे-पिवळे पट्टे सुटे होत. शाळेत खडूवर शाईचा ठिपका देऊन तो बशीतल्या पाण्यात उभा केला असेल, तर तुम्हीही हेच केलं आहे! ‘क्रोमॅटोग्राफी’ म्हणजे रंगांनी लिहिणं. रशियनमध्ये ‘त्स्वेत’चा अर्थही रंगच.

औषधाच्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉलची कमाल मर्यादा ०.१० टक्के आहे. जीसीला एवढं सहज दिसतं. आधी शुद्ध डायइथिलीन ग्लायकॉल सोडून त्याच्या शिखराची वेळ टिपायची आणि मग नमुन्यात त्याच वेळेला काही डोकं वर काढतंय का, ते पाहायचं. पुरवठादाराच्या कागदावर विसंबून पिंप उघडणं मला गुन्ह्याइतकंच गंभीर वाटतं. जेम्स आणि मार्टिन यांनी गॅस क्रोमॅटोग्राफी जगापुढे ठेवली १९५२ मध्ये. जे. जे.मधले ते रुग्ण दगावले, तेव्हा या तंत्राला ३४ वर्षं झाली होती.